लाल पट्ट्याला चार बोटं कमी

माझ्या तनूबाय,

काल भिवंडीच्या कोर्टात मी साक्ष दिली. तिथे विचारलं तेवढंच बोलायचं असतं. मी जास्त काही सांगायला गेले की समोरचे वकील म्हणायचे, "बाई, फक्त हो की नाही ते सांगा." बाकीचं सगळं तसंच तोंडात घेऊन मी पडघ्याला आले. आज सकाळी तुझा भाऊ अंगणवाडीत गेला आणि मी कागद घेऊन बसले. तुला नाही तर कोणाला सांगू गं?

आपल्या कोन गावातल्या रस्त्याकडेच्या जागेवर मेळा लागला, तेव्हा तू शाळेतून आलीस की जेवायच्या आधी गच्चीत पळायचीस. तिथून तो ड्रॅगन दिसायचा. हिरव्या डब्यांची आगगाडी चढावर कडकड करत चढायची आणि पुढे एकदम खाली सुटायची. "मम्मी, मला एकदाच बसायचंय, एकदाच!" दुसरीतली पोर तू. केवढा हट्ट तुझा!

आणि तुझे हट्ट पुरवायला मोठे पप्पा होतेच. ते तुझ्या पप्पांचे थोरले भाऊ. मेळ्याची जागा आपल्या घरची, तिचा सगळा व्यवहार तेच बघायचे. स्वतःला मुलगी नाही, म्हणून तुझ्यावर जीव टाकायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तू कोळीण झालीस, तेव्हा सगळ्यांत पुढे उभं राहून शिट्ट्या वाजवणारे तेच. हे मी कोर्टात सांगू शकले नाही. कोणी विचारलंच नाही.

त्या संध्याकाळी आपण तिघं गेलो. ड्रॅगनच्या फाटकावर रईसभाई उभा होता. नारपोलीतला माणूस, जन्म कापडाच्या लूमवर काढलेला. कारखाना बंद पडला म्हणून मेळ्यात लागला होता. फाटकाशेजारी लोखंडी खांब होता आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा. ज्याचं डोकं पट्ट्याला लागेल त्यानेच आत जायचं. त्याने तुला खांबाला पाठ लावून उभं केलं.

तू टाचा उचलल्यास ना, लबाडे? मला वाटलं कोणाला दिसलं नाही. पण तो हसला आणि म्हणाला, "बेटा, एड़ी नीचे."

टाचा खाली आल्या. तू पट्ट्याला चार बोटं कमी भरलीस.

"अगले साल आना, गुड़िया. तब तक लंबी हो जाएगी," तो म्हणाला. तुझा ओठ थरथरायला लागला. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "चल तनू, आपण पाळण्यात बसू." तू ऐकलं असतंस का गं? मला वाटतं, थोडं रडून ऐकलं असतंस.

पण मोठे पप्पा पुढे झाले. "काय रं, जागा कोनाची हाय म्हाईत हाय ना तुला? माजी पोर हाय ती. मी बसतंय तिच्या बाजूला."

"साहब, छोटे बच्चे के लिए नहीं है ये. रूल है."

"रूल मला नको सांगू!"

मी म्हटलं, "भाऊजी, नको. तो सांगतोय तर राहू द्या." ते माझ्याकडे बघून हसले. "काय व्हत न्हाय गं. तू लय घाबरतं." आणि त्यांनी तुला उचलून फाटकाच्या पलीकडे ठेवलं. तिकिटाच्या खिडकीतून मेळ्याचा मालक ओरडला, "रईस, मालिक लोग हैं, बिठा दे ना!" रईसभाई बाजूला झाला.

तुझं रडू कुठल्या कुठे गेलं. तू मागे वळून मला अंगठा दाखवलास.

डब्यात दोघांना मिळून एकच लोखंडी दांडा असतो. तो खाली ओढून मांड्यांवर बसवायचा, म्हणजे माणूस उसळत नाही. रईसभाईने तो ओढला. मोठ्या पप्पांचं पोट मध्ये आलं आणि दांडा तिथेच अडला. तुझ्या बाजूला केवढी तरी जागा मोकळी राहिली. तू त्या दांड्याला नुसती हातांनी लटकल्यासारखी बसली होतीस. रईसभाई वाकून म्हणाला, "साहब, बच्ची की तरफ ढीला है." ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"मी पकरलंय ना तिला," मोठे पप्पा म्हणाले. आणि खरंच त्यांनी पकडलं होतं. तुझ्या खांद्यांवरून हात टाकून अगदी घट्ट.

गाडी चढली, माथ्यावर आली, खाली सुटली. पुढच्या वळणावर तू डब्यात नव्हतीस.

त्यानंतरचं मी तुला लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे, आणि मला विसरता येत नाही. एवढंच सांगते. गाडी थांबली तेव्हा मोठे पप्पा डब्यातच बसून होते. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि त्यांचा हात तसाच वाकलेला होता, जसा तुझ्या खांद्यांवर होता तसा. लोकांनी धरून उठवलं तरी तो हात सरळ होईना.

मग रईसभाईला पोलिसांनी नेलं. मेळ्याच्या मालकाने सांगितलं, फाटकावरच्या माणसाने उंची न मोजता पोरीला बसवलं. घरी पोलीस तेच विचारायला आले तेव्हा मोठे पप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले. तनू, त्यांनी हो म्हटलं!

मी काहीच बोलले नाही तेव्हा. मला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं.

तुझं दिवसकार्य झालं आणि एका दुपारी रईसभाईची बायको दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. ओट्यावर टेकली. डोक्यावरचा पदर हातात गच्च धरून म्हणाली, "बाजी, आपका दुख बहुत बड़ा है, मैं कुछ माँगने नहीं आई. बस इतना पूछना है. आप तो वहीं थीं. मेरे आदमी ने सच में नहीं नापा था?"

मी म्हटलं, "नापा था."

ती रडली नाही. नुसती मान हलवत राहिली. मग उठली आणि चालायला लागली.

संध्याकाळी मी घरात सांगितलं, मी पोलीस स्टेशनला जाऊन खरं ते लिहून देणार आहे. मोठे पप्पा जेवत होते, ते ताटावरून उठले. म्हणाले, "पोर गेली ती गेली. आता घरातला मानूस आत घालतं काय? मला काय कमी भोगाया लागतंय?" त्यांचे डोळे सुजलेले होते. खोटं नव्हतं ते. ते खरंच भोगत होते. पण ते घरात भोगत होते, आणि दुसरा माणूस कोठडीत!

तुझे पप्पा खाली बघत म्हणाले, "दादूस बापाच्या जागी हाय मला."

"आणि तनू?" मी विचारलं.

मी गेले. जबाब दिला. रईसभाई सुटून आला, मोठ्या पप्पांवर आणि मेळ्याच्या मालकावर केस झाली. त्यानंतर कोनच्या घरात माझ्याशी कोणी बोलेना. मग मी तुझ्या भावाला घेऊन आजीकडे पडघ्याला आले. पप्पा रविवारी येतात, अंगणात खुर्चीवर बसतात, त्याला खेळवतात, चहा घेतात आणि जातात. तुझं नाव आम्ही दोघं घेत नाही. त्यांना राग आहे की लाज, मला अजून कळलेलं नाही.

काल समोरचे वकील म्हणाले, "तुम्ही आई होता. तुम्ही मुलीला ओढून बाहेर का नाही काढलं?" हो किंवा नाही यात बसणारा प्रश्न नव्हता तो. मी म्हटलं, "मोठ्या दिरांपुढे आवाज चढवायची सवय नव्हती, साहेब." वकील खाली बसले. मोठे पप्पा माझ्याकडे बघत होते. किती वाळलेत गं ते! मला त्यांची दया आली, आणि तशीच मी सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. उंची मोजली होती का? हो. मनाई केली होती का? हो. मुलीला उचलून कोणी आत ठेवलं? मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

निकाल काय लागेल माहीत नाही. लागला तरी तू काही पायऱ्या चढून घरी येणार नाहीस.

तुझा भाऊ आता बोलायला लागलाय, भरभर प्रश्न विचारतो. घरच्यांनी त्याला सांगून ठेवलंय, ताईला देवाने नेलं. देवाचं नाव घेतलं की माणसांची नावं घ्यावी लागत नाहीत. तनू, मी तुला शब्द देते. तो विचारेल, "ताई पडली तेव्हा मोठे पप्पा कुठे होते?" तेव्हा मी त्याला खोटं सांगणार नाही. सांगेन, तिच्या शेजारी होते बाळा. तिला धरून बसले होते.

तुझीच,
मम्मी