बाटलीनं खाल्लेलं औषध

४ मार्च
मोठे साहेब आज आमच्या संशोधक मॅडमना तोंडावर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत काहीतरी दाखवा, नाहीतर आवरा." प्रयोगशाळेतली ही खोली बंद, म्हणजे काच धुणारी मीही बंद. मॅडम नुसत्या हो म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असते तर सुनावलं असतं.

५ मार्च
मॅडमना विचारलं, अडलंय कुठं? त्यांनी न चिडता सांगितलं. जंतू मारणारं औषध — पेप्टाइड म्हणतात — जंतूच बनवतात, दुसऱ्या जंतूंना मारायला. म्हणजे आमच्यासारखीच भाऊबंदकी. त्या जंतूंचा रस भुकटी भरलेल्या उभ्या नळीतून सोडायचा. खाली थेंब थेंब शुद्ध औषध पडतं, ते काचेच्या बाटल्यांत धरायचं. जंतू वाढवलेल्या बशीत त्याचा थेंब टाकला की जंतू मेलेल्या जागी स्वच्छ गोल दिसतो. ताज्या थेंबाला दिसतो. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवला की नाही! "टिकतच नाही मावशी."

९ मार्च
त्याच बाटल्या धुतल्या. वैताग. स्वच्छ काचेवर पाणी सरळ पसरतं. यांच्यात थेंब थेंब धरून बसतं, दोनदा विसळलं तरी.

१० मार्च
सांगून टाकलं — "औषध मरत नाही मॅडम, तुमची बाटली खाते. आतून चिकटून बसतंय." साहेब म्हणाले, "घ्या, आता मावशी शिकवणार." मॅडम हसल्या नाहीत. बाटली उजेडात धरून बघत राहिल्या. मग ताजा माल काढून अर्धा काचेत ठेवला, अर्धा प्लास्टिकच्या कुप्यांत. माझं बोलणं मध्येच न तोडणारं माणूस आयुष्यात हे एकच भेटलं. घरी तर कुणी वाक्य पुरं होऊ देत नाही.

१३ मार्च
काचेतल्या थेंबाला काही नाही. कुपीतल्या थेंबाला गोल, बटणाएवढा. मॅडमनी माझा ओला हात धरला. साहेब म्हणाले, काम चालू ठेवा. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१७ मार्च
कुप्यांचे खोके आले. एकदा वापरायच्या, टाकून द्यायच्या. धुणं नाही. लेक म्हणाली, "आई, खोली वाचवलीस, नोकरी घालवलीस." पायावर धोंडा मारून घेतला खरा. पण गप्प बसले असते तर मॅडमचं काम बुडालं असतं. ते बरं नव्हतं.

१८ मार्च
मॅडमनी नळीसमोर स्टूल ठेवलं. "बसा. चाळीस थेंब झाले की कुपी बदलायची, वहीत लिहायचं." वहीत एक रकाना आहे — काम कोणी केलं. "इथं मावशी नका लिहू. नाव लिहा." घाईत माझ्याच नावातला काना राहिला. नंतर घातला.