कुंपणावरचा लाल पट्टा

३ ऑक्टोबर

आले एकदाची सिनसिनाटीला! घर लहानच, पण मागचं फाटक उघडलं की सरळ नदीकाठची पायवाट. माणसं तुरळक, चिखल भरपूर आणि कुत्र्यांना मोकळं सोडायची मुभा. मोझेसला आणखी काय हवं? दहा वर्षांचा म्हातारा कुत्रा झालाय, पण आज पिल्लासारखा बागडला. मरताना वॉरन एवढंच म्हणाला होता की याला एकटं सोडू नकोस. नवरा गेला तो गेला, त्याचा कुत्रा तरी राहू दे माझ्याजवळ.

वाटेत शेजारचा ऑर्विल भेटला. त्याची लठ्ठ कुत्री डचेस माझ्या अंगावरच धावून आली, तर हा लांबूनच ओरडतोय, घाबरू नका, काही करत नाही ती! इथे नमस्काराच्या जागी सगळे हेच ओरडतात. डचेसचा पुढचा एक सुळा तुटलाय. ऑर्विल म्हणाला, बिस्किटापलीकडे तिने आयुष्यात काही चावलेलं नाही.

५ ऑक्टोबर

दुसऱ्या लाकडी पुलापलीकडे चिखलात एक लाल चामडी पट्टा सापडला. कुत्र्याचा, बक्कल लावलेलंच. नदीत धुतला आणि वाटेकडेच्या कुंपणाच्या खांबाला अडकवला. हातमोजा असो की टोपी, वाटेत सापडलेली वस्तू अशी डोळ्यांसमोर टांगून ठेवायची, मालक येतो आणि घेऊन जातो. एवढी माणुसकी तर कुणीही दाखवतं.

६ ऑक्टोबर

ऑर्विलला पट्ट्याचं सांगितलं आणि त्याचा चेहराच उतरला. नसता उद्योग कुणी सांगितला होता तुला, म्हणून माझ्यावरच खेकसला. चौदा वर्षांपूर्वी पुरात एक माणूस आपल्या कुत्र्यामागे बुडाला, त्या कुत्र्याचा हा पट्टा. इथले सगळे तो ओलांडून जातात. चिखलात आहे तोवर तो हरवलेलाच, टांगला की मालकाला सापडतो, म्हणे. मी हसले. एवढा बाप्या माणूस आणि असल्या गोष्टी!

दोघं मिळून काढायला गेलो. खांबावर पट्टा नव्हता.

९ ऑक्टोबर

लिहिलं नाही तर वेड लागेल.

भर दुपारी, लख्ख उन्हात, मी, ऑर्विल आणि दोन्ही कुत्री पुलावर होतो. वळणावरून एक माणूस आला, नखशिखांत भिजलेला. हातात साखळी ताणलेली आणि तिच्या टोकाला तो लाल पट्टा, कमरेएवढ्या उंचीवर, अधांतरी. पट्ट्यात काहीच नव्हतं. तो गोडपणे म्हणाला, घाबरू नका, काही करत नाही तो. आणि मी, मूर्ख बाई, सवयीने हसून हात केला!

डचेस हवेत उचलली गेली. तिचं पोट फाटल्याचा आवाज मी ऐकला. आतडी पुलाच्या फळ्यांवर पडली. ऑर्विलने तिला ओढायला हात घातला, हात मागे आला तेव्हा तीन बोटं नव्हती. माणूस मान हलवत उभा होता, आपल्या लाडक्याची खोडी कौतुकाने बघावी तसा.

१० ऑक्टोबर

टाके घालून ऑर्विल घरी आला. डचेसला आम्ही त्याच्या अंगणातच पुरलं.

संध्याकाळी तिचा निळा पट्टा त्याच्या फाटकावर टांगलेला होता. स्वच्छ धुतलेला. मी केलं तसंच. उपकाराची फेड करतोय तो बुडालेला माणूस. हात लावू नकोस, मी ओरडले. ऑर्विल रडत म्हणाला, माझ्या पोरीचा आहे गं, आणि काढून घेतला.

११ ऑक्टोबर

ऑर्विल गेला. स्वयंपाकघरात पडला होता, गळा हाडापर्यंत उघडा, मुठीत निळा पट्टा. पोलीस म्हणतात, रानटी कुत्रं शिरलं असेल.

जखम मी पाहिली. दातांच्या ओळीत एका सुळ्याची जागा मोकळी होती.

अंगणातला खड्डा उकरलेला आहे. आतून.

१२ ऑक्टोबर

दारं-खिडक्या बंद. मोझेस माझ्या पलंगाखाली. उद्या सकाळीच निघायचं, सामान गेलं खड्ड्यात. माझ्यामुळे झालं हे सगळं. देवा, याला तरी—

१३ ऑक्टोबर, सकाळ

पलंगाखाली नाही. मागचं दार सताड उघडं. जमीन ओली.

नदीवरून एकदाच केकाटला. मग काहीच नाही.

दुपार

फाटकावर त्याचा पट्टा. धुतलेला.

हात लावायचा नाही. माहीत आहे मला. गाडीची किल्ली हातात आहे.

पण मोझेस फाटकापलीकडे कुईं कुईं करतोय. वॉरनच्या चपला लपवून करायचा तसंच. एकटं सोडू नकोस म्हणाला होता— मी हो म्हणाले होते—

नंतर

काढला. पायरीवर बसलेय, पट्टा मांडीवर, वही त्याच्यावर.

आला! माझा मोझेस, शेपटी हलवत— भिजलाय— गळ्याचं कातडं लोंबतंय, आत काहीच—

मागे तो. साखळी सोडली त्याने. लांबूनच ओरडतोय, घाबरू नका, काही कर—