कंचा कुंडलिक?

५ जानेवारी २०२५, रविवार. पहाट.
नव्या वर्षाचा संकल्प: रोज पहाटे उठणे. आजपासून अंमल सुरू. आधीचे चार दिवस थंडी होती.

तसा उठलो फोनमुळे. न्हावी गावचा कुणी शेतकरी. म्हणाला, डाक्टर, गाय अडलीया, बिगी बिगी या. म्हटलं, मी डॉक्टर नाही. तो म्हणाला, कुंडलिक मळेकरच ना? म्हटलं, हो. मग या की, म्हणाला. आता याला काय सांगणार! गायीला कोमट पाणी पाजा आणि धीर द्या, असा सल्ला देऊन फोन ठेवला.

दुपार.
गाय मोकळी झाली. कालवड. भोरचा गुरांचा डॉक्टर, तोही कुंडलिकच, नंतर तिथं पोचला म्हणे, पण उपचाराची सुरुवात कुणी केली? छायाला हे सांगितलं. ती म्हणाली, आता उठलाच हायसा तर पाव घेऊन या. (ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे, तरी उद्या कुणी अभ्यासाला घेतली तर म्हणून नोंद: छाया म्हणजे आमच्या सौ. शिवऱ्यात हायवेच्या कडेला मिसळीचं हॉटेल चालवतात. माझ्या मार्गदर्शनाखाली.)

६ जानेवारी.
उठलो नाही. पहाटे कुणाचा फोन आला नाही.

१९ जानेवारी, रविवार.
आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

भोरला लग्न होतं. अक्षता पडल्यावर माइकवरून एकेका मान्यवराला बोलावून शाल-नारळ देत होते. पुकारा झाला, श्री. कुंडलिक मळेकर! मी शर्ट खाली ओढला, पुढं गेलो. नारळ हातात पडला. फोटो निघाला. तेवढ्यात वधूपिता धावत आले नि म्हणाले, तुमी न्हाई हो, डाक्टर! आणि माझ्या हातातला नारळ परत घेतला. दोन्ही हातांनी धरला होता मी. सोडवून घेतला.

डॉक्टर कुंडलिक माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, असू दे दादा, तूच घे. म्हटलं, नको, मला गुडघ्यामुळं जड उचलायचं नाही.

लागलं. खरं सांगायचं तर लई लागलं.

२० जानेवारी.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सगळ्याचं मूळ आमचे आजोबा. त्यांचं नाव कुंडलिक. त्यांना पाच मुलगे. आमच्याकडं नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळं पाचही जणांनी आपापल्या थोरल्याचं नाव कुंडलिक ठेवलं. एकानंही माघार घेतली नाही. मळेकरांचं रक्तच तसं. मग पाचही जण पाच गावांना पांगले, नि आज भोर-वेल्ह्यात कुंडलिक मळेकर म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, कंचा?

भोरचा डॉक्टर. किकवीचा पैलवान. भोंगवलीचा पेटीवाला, त्याच्या पेटीशिवाय पंचक्रोशीत भजन उभं राहत नाही. वेल्ह्याचा गडवाला, गडावर पाय मुरगळलेल्या पुण्याच्या पोरांना पाठीवरून खाली आणतो.

आणि शिवऱ्याचा मी. वयानं सगळ्यांत थोरला. म्हणजे ओरिजिनल मी, बाकीचे झेरॉक्स.

निर्णय: कुंडलिक मळेकर संमेलन भरवायचं. रविवार, ९ फेब्रुवारी. शिवऱ्याच्या देवळापुढं. अध्यक्ष मी. पाच नारळ, पाच शाली, पाच फेटे. पाचवा नारळ कुणी परत घेऊन दाखवावा!

छायाला सांगितलं. ती म्हणाली, करा. पण तुमी कशातले म्हणून बसणार? हा प्रश्न बायकी आहे. तरी दिवसभर डोक्यातून जाईना.

२१ जानेवारी.
नियम तयार केला: ज्याला लोक एका शब्दात ओळखतात, तोच मंचावर बसेल. कडक नियम आहे. माझाच आहे.

माझा शब्द ९ तारखेच्या आत ठरवणे. सध्या विचारात: इतिहास संशोधक, गायक, समाजसेवक. उद्यापासून एकेक क्षेत्र घ्यायचं.

२३ जानेवारी.
इतिहास संशोधन. वेल्ह्याला गेलो. गडवाल्याला आमंत्रण आणि गडाची पाहणी, दोन्ही एका फेरीत. तो म्हणाला, दादा, बूट घातले असते तर बरं झालं असतं. म्हटलं, मावळ्यांनी घातले होते का? पहिल्या चढालाच चप्पल तुटली. मग गुडघा. मग तिथंच बसलो. शेवटी त्यानं मला पाठीवर घेऊन खाली आणलं. वाटेत भेटेल तो विचारत होता, कुठनं पडलं पाव्हणं? तो भला माणूस, म्हणाला, लई वरनं.

माझ्यामुळं त्याचा सराव झाला. संमेलनाला येतो म्हणाला. मिसळ छायावहिनीची हाय ना, एवढं मात्र विचारून घेतलं.

इतिहास हे क्षेत्र फार उंचावर आहे. रद्द.

२६ जानेवारी.
झेंडावंदन. वाटलं, शाळेवाले चार शब्द बोलायला सांगतील. भाषण खिशात ठेवलं होतं. नाही सांगितलं. लिमलेटच्या गोळ्या वाटायला सांगितल्या. समाजसेवा सुरू झाली म्हणायची.

२७ जानेवारी.
समाजसेवेला पोरंबाळं चिकटतात. आज तीन जणांनी हाक मारून गोळी मागितली. रद्द.

२८ जानेवारी.
भोंगवली. पेटीवाल्यानं मान दिला, चहा दिला. मी गातो म्हटल्यावर पेटी उघडली. मी सुरू केलं. त्यानं एक पट्टी धरली, दुसरी धरली, मग पुन्हा पहिली, मग घाम पुसला. शेवटी पेटीचं झाकण लावून म्हणाला, दादा, तुमचा सूर माझ्या पेटीत न्हाई. म्हणजे माझा सूर दुर्मीळ आहे. त्यानं हे आपणहून मान्य केलं, याचं कौतुक वाटलं. पण दुर्मीळ गोष्ट समजायला लोकांना वेळ लागतो आणि आपल्याकडं दहा-बारा दिवसच आहेत. सध्या स्थगित.

तोही विचारत होता, जेवणाचं छायावहिनी बघणारायत ना?

३० जानेवारी.
किकवी. पैलवान तालमीत होता. हात मिळवला. बाकीची नोंद उद्या लिहीन, बोटं सुजलीत.

३१ जानेवारी.
पैलवान येतो म्हणाला. किती पाव लागतील ते वहिनीला आधी सांगून ठेव, असाही निरोप दिला.

२ फेब्रुवारी, रविवार.
लोकमत अजमावायला भोरच्या एसटी स्टँडवर गेलो. युक्ती अशी: अनोळखी पाहुणा बनून विचारायचं, कुंडलिक मळेकर कुठं राहतात हो?

पहिला गृहस्थ: कंचा? डाक्टर? म्हटलं नाही. पैलवान? नाही. पेटीवाला? गडवाला? नाही, नाही, शिवऱ्याचा. गृहस्थ विचारात पडला. म्हणाला, तितं कुणी न्हाई. आणि एसटीत चढला. बाहेरगावचा असणार.

मग बोरं विकणाऱ्या रतनबाईंना विचारलं. त्या मात्र लगेच म्हणाल्या, शिवऱ्यात उतरा नि छायाच्या हाटेलात इचारा, तितंच घुटमळत आसतोय त्यो.

म्हणजे भोरच्या स्टँडवरचा माणूस थेट माझ्या दारात पोचतो! किती जणांच्या नशिबी हे येतं? आनंदानं बोरं घेतली. घरी येऊन छायाला सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती, पण गिऱ्हाईक आलं.

४ फेब्रुवारी.
फ्लेक्सचं काम. हनुमंत फ्लेक्स करतो आणि संमेलनाचं सूत्रसंचालनही तोच करणार. चौघांचे फोटो पटापट लावले. खाली डॉक्टर, पैलवान, पेटीवाले, गडवाले. माझ्या फोटोखाली बोट थांबलं. म्हणाला, तुमच्या खाली काय टाकू? म्हटलं, ज्येष्ठ मार्गदर्शक. म्हणाला, कशाचे? म्हटलं, एकंदर.

त्यानं तसंच टाकलं. ज्येष्ठ मार्गदर्शक (एकंदर). कंस नको होता.

५ फेब्रुवारी.
फ्लेक्स लागला. शब्द मिळाला! हायवेवरून जाणारा प्रत्येक जण वाचतोय. समोरच्या बाकड्यावर बसून दुपारपर्यंत पाहिलं. एक ट्रक थांबला, पण टायर बघायला.

मी तिथं बसलोय म्हणून छायानं दोनदा हाक मारली. कांदे आणायचे होते. संमेलनाचा अध्यक्ष आणि कांदे! शेवटी ती स्वतः गेली.

७ फेब्रुवारी.
भाषण पाठ करणे. पहाटे उठून करणार होतो, पण पहाटे आवाज बसलेला असतो. दुपारी ऊन. संध्याकाळी आरशापुढं उभा राहिलो तर छायाच्या मदतीला आलेल्या बायका मटकी निवडत तिथंच बसलेल्या. म्हणाल्या, बोला की, आमाला बी ऐकू द्या. 'माझ्या नामबंधूंनो' एवढंच म्हटलं आणि त्या जे हसायला लागल्या! उत्स्फूर्त बोलेन. मोठी माणसं उत्स्फूर्तच बोलतात.

नारळ आणले. त्यातला सगळ्यांत चांगला, शेंडीवाला, बाजूला काढून कपाटात ठेवला.

८ फेब्रुवारी.
जीव थाऱ्यावर नाही. चारदा मांडव बघून आलो. छायाला म्हटलं, उद्यापासून लोक विचारणार नाहीत, कंचा कुंडलिक. ती रश्श्याचं वाटण करत होती. म्हणाली, इचारलं तर काय बिगडतं ओ? मला तर तुमीच ठावं हाय. बायकांना सार्वजनिक जीवन कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
क्रमानं लिहितो.

गर्दी चांगली. कल्पनेपेक्षा जास्त. बरेच जण आल्या आल्या पातेल्याकडं बघत होते, पण गर्दी ती गर्दी. फेटा बांधला. बांधणाऱ्यानं घाईत बांधला, सारखा डोळ्यावर येत होता.

हनुमंतानं माइक घेतला. म्हणाला, आता आपल्या संमेलनाचे अध्यक्ष श्री. कुंडलिक मळेकर यांनी आसन ग्रहण करावं. मी फेटा वर सारला. तेवढ्यात चौघंही उठले! पैलवान सवयीनं मधल्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला पेटीवाला. गडवाला उभाच राहणार होता, लोकांनी त्याला हाताला धरून बसवलं. पाचवी खुर्ची मी स्वतः मोजून ठेवली होती, तिच्यावर कुणीतरी शालींची पिशवी ठेवलेली. मी खालीच थांबलो. म्हटलं, हनुमंताच्या लक्षात येईल.

सत्कार सुरू झाले. डॉक्टरचं नाव घेतल्यावर न्हावीचा तो शेतकरी उभा राहून म्हणाला, माझी गाय ह्यांनी वाचीवली. टाळ्या. पैलवानाला शिट्ट्या. पेटीवाल्याच्या पाया पडायला म्हाताऱ्या पुढं आल्या. गडवाला नुसताच हात जोडून उभा राहिला, तरी सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच. मीही वाजवल्या. खरोखर वाजवल्या.

मग हनुमंत चिठ्ठी बघून थांबला. गर्दीवरून नजर फिरवली. मी छाती पुढं काढली. त्यानं माइक तोंडाजवळ घेतला नि म्हणाला, आणि हो, छायाताईंचे कुंडलिक कुठं हायत? पाठीमागं पंगतीत रस्सा संपलाय, तेवढं बघा.

आणि मी उठलो.

म्हणजे उभाच होतो, पण वळलो. गेलो. रश्श्याची बादली उचलली. वाढायला लागलो. पंगतीत निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं. कुणी हसलं नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं, वाटलं असतं की चेष्टा आहे. पण कुणाला काही नवं वाटलंच नाही. तिकडं मंचावर डॉक्टरसुद्धा मान हलवून माझ्याकडं बोट दाखवत म्हणत होता, तो काय तिथं.

एका शब्दात ओळखतात. नियम माझाच होता.

शेवटच्या पानापर्यंत वाढलं. हात भाजला थोडा. म्हाताऱ्या रखमाजी आप्पांनी वाटी पुढं केली नि म्हणाले, छायाच्या कुंडलिका, तुझी बायकू हाय म्हणून शिवऱ्याचं नाव हाय बाबा. म्हटलं, व्हय आप्पा. भाषणातलं तेवढंच आज मुखातून निघालं.

१० फेब्रुवारी, सोमवार.
पहाटे उठलो. फोन नव्हता. तरी उठलो. पाव आणले.

फ्लेक्स उतरवला. हनुमंत म्हणाला, ऱ्हाऊ द्या की दोन दिस. म्हटलं, नको. छायानं तो मागच्या शेडवर ताडपत्री म्हणून टाकला. माझा फोटो खालच्या बाजूला आला.

काल गडबडीत कपाटातला नारळ तसाच राहिला होता. छायानं विचारलं, ह्यो शेंडीवाला कुणाचा? म्हटलं, कुणाचा नाही. तिनं फोडला आणि आजच्या वाटणात घातला. मग खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला नि म्हणाली, गोड हाय बघा. होता गोड.

दुपारी फोन आला. पुण्याहून कुणीतरी, पोरांची सहल घेऊन येणार. कुंडलिक मळेकर बोलतायत का, म्हणाले. मीच सवयीनं विचारलं, कंचा कुंडलिक पाहिजे? ते म्हणाले, ते मिसळवाल्या छायाताईंचे.

म्हटलं, बोला, बोलतोय.