पुठ्ठ्याची दोन बटणं

लाडक्या चिमीस, दादाचा पोटभर आशीर्वाद.

कपाळाला चार टाके पडलेत, पण घाबरू नकोस, जेवण झकास जातंय.

आमच्या पत्रा दाबायच्या प्रेसने शेजारी काम करणाऱ्याची दोन बोटं चिरडली. मग मी आठवडाभर नुसते सगळ्यांचे हात बघितले. पाय पेडलवर असतानाच पत्रा सरळ करायला डावा हात आत जातोच. म्हणून पुठ्ठ्याचा नमुना केला: दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली, तरच प्रेस खाली येईल.

तो दाखवला, तर मुकादमाने पान्हाच माझ्या कपाळात घातला. "अर्ध्यात शाळा सोडलेला आम्हाला शिकवणार?" नमुना तुडवून तो स्वतः प्रेसवर बसला. पेडलवर पाय पडला, डावा हात आतच! मी कॉलर धरून खेचलं. त्याची करंगळी गेली, हात वाचला.

आज त्यानेच नवा पुठ्ठा आणलाय. मालक तशा दोन बटणांच्या प्रेस बनवून विकायच्या म्हणतोय.

तू मशीनवर शिवताना बोटं सुईजवळ कुठे ठेवतेस, ते नीट बघून लिही.

तुझाच,
दादा