हलक्या फळीची भिंत

तीर्थरूप आप्पा,

इतक्या लांबून पाया पडते, गोड मानून घ्या. मी खुशाल आहे.

चिवट कापडाचे थर राळेत भिजवून, दाबून आम्ही भिंतींसाठी फळ्या करतो. जन्मभर विटा रचलेल्या तुम्हाला ती भिंत वाटायचीच नाही. एक फळी मी एकटी उचलते.

काल दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर दवाखान्याच्या भिंतीची एक फळी बदलून न्यायला आला. बाहेरून तोफगोळ्याचा बोटाएवढा लोखंडी तुकडा आत रुतला होता. आतल्या बाजूला नुसता फुगवटा.

"हिच्यामागेच माझी बायको बाळंत झाली," तो म्हणाला. "मुलगी आहे."

त्या फुगवट्यावर हात ठेवून मी कितीतरी वेळ उभी राहिले. तुम्ही हवे होतात, आप्पा. आधी टिचकी मारून नाक मुरडलं असतंत, मग पाठ थोपटली असतीत.

आमच्या खोलीलाही या फळ्या लावल्यात, आपली खबरदारी म्हणून. आईला हे सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे? तुम्ही बांधकामाच्या परांचीवर चढत नाही ना अजून?

सुट्टी मिळाली की येते. आल्यावर चार दिवस अंगणातच झोपणार आहे, चारी बाजूंनी उघड्यावर.

तुमचीच,
थोरली