नावाड्याचं वाक्य

४ मार्च

मालिकेचा तिसरा भाग काल दाखवला. सकाळपासून शिव्या!

नावाडी बोलला म्हणून. मूळ पाच पुस्तकांत जो म्हणे एकदाही तोंड उघडत नाही, त्याच्या तोंडी आम्ही वाक्य घातलं — 'घाबरू नकोस. काठ कुठे जात नाही.' मीच घातलं. पण ते पुस्तकातलंच आहे. दुसऱ्या पुस्तकात नदी रात्रीतून पात्र बदलते आणि मुलगी होडीत रडत बसते, तिथलं. लोक वाचतात की नुसते भांडतात?

५ मार्च

'कसर' या नावाने लिहिणारा एक वाचक आहे. पुस्तकं खाऊनच जगत असावा. त्याने त्या प्रकरणातली ओळ न् ओळ मांडून दाखवली. शेवटी लिहिलं — लेखकांनी पुस्तक उघडण्याची तसदी घेतली असती तर उपकार झाले असते.

सर — आमचे मुख्य लेखक — म्हणाले, "वाचू नकोस असलं. जेवण जात नाही." मग स्वतःच मोबाईल काढून मोठ्याने वाचत बसले.

६ मार्च

पुस्तक उघडलं. नाही.

पुन्हा वाचलं. मुलगी रडते. नावाडी वल्हं मारतो. प्रकरण संपतं.

कामाच्या सुरुवातीला आम्ही पाच जणांनी एकेक पुस्तक वाटून घेतलं. दुसरं मी मागून घेतलं. त्या प्रसंगाशी आलो तेव्हा सरांनी विचारलं होतं, "हे आहे ना पुस्तकात?" मी ऐटीत म्हटलं, "पाठ आहे मला." बाकी सगळं पुन्हा वाचलं, त्या प्रकरणाला तेवढा हात लावला नाही. लहानपणी ताई वाचायची, मी ऐकायचे. ते वाक्य तेव्हापासून कानात आहे. कानावर विसंबले!

७ मार्च

सरांना सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले.

"वरून फोन होता. शेवटचा भाग दुसऱ्या कुणाला द्या म्हणतात."

शेवटचा भाग! नावाडी, मुलगी, शेवटची फेरी. त्याच्यासाठी तर हे काम धरलं.

"थोडे दिवस मी टोलवतो त्यांना. तोवर काहीतरी कर. आणि कलावंताचं स्वातंत्र्य वगैरे म्हणालीस तर मीच हाकलेन."

८ मार्च

ताईला फोन.

"तूच घातलंस ना ते? वाचता वाचता?"

"मी? मी जांभईसुद्धा पुस्तकाला विचारून द्यायचे."

"मग आलं कुठून?"

"तुझ्या डोक्यातून. तू आगाऊच पहिल्यापासून."

बाबांना विचारू का, म्हटलं. दोघी खूप हसलो. बाबा फोनवर 'बरं' म्हणतात आणि ठेवून देतात.

१० मार्च

चार ओळी लिहिल्या, सगळ्यांनी वाचाव्यात अशा. वाक्य पुस्तकात नाही. मला ते आहे असंच वाटत होतं. बहीण वाचायची, मी ऐकायचे. कुठून आलं ठाऊक नाही. उघडून पाहायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे.

सरांनी वाचलं. एक 'कृपया' खोडला. "जाऊ दे लोकांपर्यंत," म्हणाले.

११ मार्च

शिव्या चालूच. 'बहाणा झकास!' कुणी म्हणतो, हिच्या बहिणीलाच कामावर घ्या.

दुपारनंतर कसर आला. लिहितो — माझी आजी वाचायची तेव्हा होडीत एक मांजर असायचं. मोठेपणी पाचही पुस्तकं पालथी घातली. मांजर नाही. तरीही तुमचं वाक्य चूकच. शेवटच्या भागाला तरी पुस्तक उघडा, आणि तो तुम्हीच लिहा.

त्याच्याखाली लोक आपापली मांजरं सांगत बसलेत! एकीच्या मामाने राक्षसाला पडसं दिलं होतं. मी चहा गार होऊ दिला.

१३ मार्च

शेवटचा भाग माझ्याकडेच! सरांची अट एकच — पुस्तक उघडं ठेवून लिहायचं.

अर्ध्यावर अडलेय. नावाडी बोलावा की नाही? बोलला तर कसर मला जिवंत सोडणार नाही. नाही बोलला तर ते एक वाक्य पोरकं.

१४ मार्च

बाबांचा फोन. आपणहून!

ताईने सांगितलं असणार. म्हणाले, "दिवे गेले होते. ताईला अक्षर दिसेना, ती थांबली. तू लागलीस रडायला. मी बाहेरच्या खोलीतून म्हटलं ते."

म्हणजे रोज ऐकत होते.

"आता त्याला पुन्हा बोलायला लावू नकोस. एकदा बोलला तेवढं पुरे."

"बरं," म्हटलं मी.

त्यांनी फोन ठेवला नाही.