फूटभर ढलप्या

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावजींची मान आता उशीवरून थोडी उचलते हे वाचून बरं वाटलं. डावी बाजूही येईल हळूहळू, धीर सोडू नकोस. त्यांना कुशीवर वळवताना तुझी कमर धरते म्हणालीस. पट्टा बांधत जा आणि निजताना शेक घे.

इथे माझं ठीक चाललंय. कसरीने यंदा लोकांच्या लोकरी कपड्यांवर असा ताव मारलाय की शिंप्याच्या दुकानात रफूच्या कामाचा नुसता ढीग पडलाय. माझी चांदी आहे. संध्याकाळी घरी येते, स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडते आणि कुणाला न विचारता चहा टाकते. तुला हसू येईल. आईच्या आजारपणात आठ वर्षं सगळं घड्याळाच्या काट्यावर केलं. आता मागच्या दारात खुर्ची टाकून नुसती बसते, आणि मला कुणी हाक मारत नाही. ताई, मला हे घर सोडायचं नाही.

आई गेल्यावर तू अट घातलीस, की तिची बाग एक उन्हाळा एकटीने जगवून दाखव आणि मग खुशाल राहा, नाहीतर कायमची आमच्याकडे ये. भाऊ म्हणून अण्णानेही मान डोलावली. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. ऊन आत्ताच चटके देतंय आणि नळाला पाणी एक दिवसाआड. वखारवाला म्हणतो, लाकूड तासून पडलेल्या ढलप्या नि साली हव्या तितक्या उचलून ने, जमिनीवर त्यांचा थर दिला की ओल टिकते. किती पोती ते मात्र तूच सांग म्हणाला आणि तिथे माझं घोडं अडलं. बाग चोवीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. दोन्हींचा गुणाकार तीनशे साठ. त्याला थराच्या तीन इंचांनी गुणलं तर एक हजार ऐंशी आले! एवढ्या ढलप्यांत घरसुद्धा बुडेल. कुठेतरी चुकतंय एवढं कळतं, कुठे ते कळत नाही. ते तीन इंचही मी आपले मनानेच धरलेत. तू गणिताची बाई, शिवाय तुझ्या बागेचं नाव सगळ्या गल्लीत. तेवढं सोडवून दे ना.

भावजींना नमस्कार सांग. मला तुमची रोज आठवण येते, तुम्हालाही येऊ दे.

तुझी,
ठमी

ता. १० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. एक हजार ऐंशी ऐकून तेसुद्धा अर्ध्या तोंडाने हसले. अगं वेडाबाई, फुटांना इंचांनी गुणतात का? चौथीत तुला हेच शिकवताना माझ्या पट्टीचे दोन तुकडे झाले होते, आठवतं? तुकडे झाले तरी डोक्यात काही शिरलेलं दिसत नाही.

आता नीट वाच. आधी इंचांचे फूट करायचे. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही फुटांत घेऊन गुणायची, म्हणजे घनफूट मिळतात. वखारीच्या पोत्यात साधारण दोन घनफूट माल मावतो, म्हणून शेवटी दोनाने भागायचं. राहिली खोली. तीन इंच तू कुठून काढलेस कोण जाणे! एवढ्याशा पांघरुणाने या उन्हात काय होणार? पुरता एक फूट थर घाल. चोवीस गुणिले पंधरा गुणिले एक, म्हणजे तीनशे साठ घनफूट, म्हणजेच एकशे ऐंशी पोती. वखारवाल्याला हाच आकडा सांग.

लिंबोणी, अंजीर, डाळिंब आणि गुलाब यांच्या बुंध्याशी जास्त लक्ष दे. तिथे चांगला हातभर उंच ढीग कर आणि बुंध्याला घट्ट थापून बसव, म्हणजे मुळं गार राहतील. झाड मलूल वाटलं तर वरून आणखी घाल, पाणीही वाढव. उकरून बघत बसू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे. थर एकदा मोडला की केलेलं सगळं वाया जातं.

इकडे मधल्या खोलीतलं कपाट तुझ्यासाठी रिकामं करून ठेवलंय. लागणार नाही म्हणा, आपली माझी सावधगिरी. पत्र टाकत जा आणि ताईला परकं करू नकोस.

तुझी,
ताई

ता. ११ मार्च

चि. अण्णास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याचं आता कसं आहे? जिने चढू नकोस म्हटलं तर ऐकशील तर शपथ.

ह्यांचं करता करता माझ्या नाकी नऊ आलेत. ठेवलेली दुसरी बाईही सोडून गेली. म्हणाली, एवढं वजन माझ्याच्याने उचलत नाही. मग माझ्याच्याने उचलतं का? आजारी माणसाला कसं धरावं, कसं वळवावं, हे ठमीइतकं आपल्यात कुणाला येत नाही. आणि ती तिकडे मागच्या दारात खुर्ची टाकून बसते म्हणे, कुणी हाक मारत नाही म्हणून खूश! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरळ बोलावलं तर ती यायची नाही. घराला चिकटून बसलीय. बाग गेली की मात्र तिला बोलायला तोंड उरणार नाही. तुला म्हणून सांगते, तिने धरलेले तीन इंच अगदी बरोबर होते. मी माझ्याकडे तेवढाच थर घालते, तोही बुंध्यापासून वीतभर लांब. तिला फूटभर घालायला सांगितलाय आणि बुंध्याला थापायला लावलंय. गुणाकार मात्र एकही चुकवलेला नाही. कुणाला दाखवला तरी हिशेब चोखच निघेल.

झाडंच आहेत, माणसं नव्हेत. तिला इथे दोन वेळचं जेवण आहे, खोली आहे, काही रस्त्यावर टाकत नाही मी तिला. तुला ती विचारील. ताईचं ऐक, एवढंच लिही आणि मध्ये पडू नकोस. माझ्यावर तुझा जीव आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच एवढं मोकळेपणी लिहिलं.

तुझी,
ताई

ता. ९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

टाकली एकदाची सगळी पोती! आकडा ऐकून वखारवाल्याने विचारलं, बाई, बाग आहे की शेत? मी त्याला ठणकावून सांगितलं, हा माझ्या बहिणीने काढलेला हिशेब आहे आणि ती आयुष्यात चुकलेली नाही. दुकान सुटलं की हातगाडी ढकलत खेपा घालायचे. तळहातात इतकी कुसळं गेलीत की रफूची सुई धरवत नाही. मालकाने दोन कोट माझ्याकडून काढून घेतले, टाका वाकडा येतो म्हणाला. येऊ दे. एका उन्हाळ्याचा तर प्रश्न आहे.

अंजिराचा ढीग पहिल्या फांदीला टेकलाय. बुंध्यांना मी हातांनी थापलं, तू सांगितलंस तसं, अगदी घट्ट. फक्त लिंबोणीची पानं पिवळी पडायला लागलीत आणि डाळिंबाने कळ्या टाकल्या. माझ्या अंघोळीचं पाणीसुद्धा आता त्यांनाच देते. उकरून बघावंसं फार वाटतं, पण तू नको म्हणालीस ना, म्हणून हात मागे घेते. अण्णालाही विचारलं होतं. त्याचं एका ओळीचं कार्ड आलं, ताईचं ऐक. तुम्ही दोघं नसता तर माझं काय झालं असतं?

भावजींना नमस्कार. अशीच पाठीशी उभी राहा.

तुझी,
ठमी

ता. १५ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. पानं पिवळी पडतात ते चांगलंच. जुनी टाकल्याशिवाय झाड नवी कशी घेणार? लिंबोणीला आणखी वीतभर थर चढव आणि पाणी अजिबात तोडू नकोस. हात दुखतात म्हणून रडत बसू नकोस, आपल्या घरात कामाने कुणी मेलेलं नाही.

कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून ठेवल्यात. कसर लागायला नको. माझा आशीर्वाद आहेच.

तुझी,
ताई

ता. १४ मे

ताईस,

काल सुट्टी होती. लिंबोणी पार वाळली, तेव्हा तुझं न ऐकता ढिगात हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत गरम होतं आणि आंबट वास येत होता. नखाने साल दाबली तर भिजलेल्या कागदासारखी सुटून हातात आली. बुंध्यापासून थोडं लांब उकरलं तर तिथे जमीन कोरडी ठणठणीत. मी घातलेलं पाणी ढलप्याच पिऊन टाकत होत्या.

आधी वाटलं, तुझी चूक झाली. ताई कधी नव्हे ती चुकली, तिला कळलं तर किती लागेल, म्हणून मला तुझंच वाईट वाटलं. बघ, कशी वेडी आहे मी. मग आठवलं. आई गेल्यानंतर भावजींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा महिनाभर मी तुझ्याकडे होते. अंगण झाडताना माझ्या झाडूने दोन ढलप्या तुझ्या गुलाबाच्या बुंध्याला लागल्या, तर तू खिडकीतून केवढ्याने ओरडलीस! बुंधा मोकळा ठेव, सालीला ओल धरली की झाड मरतं, म्हणालीस. भावजी तेव्हा आतून तुला म्हणाले होते, की दोन ढलप्यांसाठी तिला एवढं बोलू नकोस.

सगळ्या ढलप्या ओढून भिंतीशी लावल्या आणि तीन इंचांचा थर ठेवला. त्याला पंचेचाळीस पोती पुरतात. या वेळी हिशेब मीच केला. लिंबोणी गेली, डाळिंब गेलं. अंजीर आणि गुलाब सालीखाली अजून हिरवे आहेत. अण्णाला बोलावून घेतलं. त्याला एकेका झाडापाशी उभा केला आणि नखाने साल खरवडून बघायला लावली. तिसऱ्या झाडाशी तो म्हणाला, मला माहीत होतं. मी त्याला जेवायला वाढलं नाही. जाताना त्याने सांगितलं, की तू इथेच राहा, ताईला मी बघून घेतो. मी म्हटलं, तू काही बघू नकोस, मीच लिहिते.

लिंबोणीकडे आई शेवटपर्यंत खिडकीतून बघत असायची. ती माझ्या हाताने मेली. तू मला ते करायला लावलंस आणि वर माझ्याकडून आभार घेतलेस. मला तुझी किळस येते.

या वेळी लोभ वगैरे काही मागत नाही.

ठमी

ता. २० जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तू मनात काय घेऊन बसलीस ते तुझं तुला ठाऊक. प्रत्येकाची माती वेगळी असते. मला सुचलं ते मी सांगितलं. जाऊ दे तो विषय.

ह्यांची पाठ सोलून निघालीय. परवा वळवताना माझी कमर कायमची गेली. डॉक्टर म्हणतात, आता साधी बादलीसुद्धा उचलायची नाही. दोघं दोन खाटांवर पडलोय. कामाची बाई सकाळी येऊन जाते. दुपारपासून ते ओल्यात पडून राहतात. ते कण्हतात ते मला ऐकू येतं आणि उठता येत नाही. अण्णा गुडघ्याचं कारण सांगतो.

त्यांचं बोलणं गेलंय. माझं नाव जमत नाही, पाणी म्हणता येत नाही. तुझं नाव मात्र येतं. ठमी. अगदी स्वच्छ. दार वाजलं की म्हणतात आणि मान वळवून बघतात. मी तुझ्यापुढे आजवर कधी पदर पसरला नाही, आज पसरते. घर तुझंच राहू दे, कुलूप लाव आणि ये. कायमची नको येऊस. चार दिवस ये.

तुझीच,
ताई

ता. २६ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. अंजिराला नवी पानं फुटलीत. हात बरे झालेत, टाका पुन्हा सरळ येतो. मालकाने ते दोन्ही कोट परत दिले.

भावजींनी माझं कधी वाईट केलं नाही. तुमच्या घरात माझ्याशी गोड बोलणारे तेवढे एकच. माणूस ओल्यात पडून राहिला की त्याच्या अंगाचं काय होतं, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना कुठे हात घालून उचलायचं, पाठीखाली काय द्यायचं, सगळं मला येतं. सकाळच्या गाडीत बसले तर अंधार पडायच्या आत तिथे पोचेन. मी येणार नाही.

मी न आल्याने जे व्हायचं ते तुझं होणार नाही, त्यांचं होईल. हे मला कळतं. कळूनही रडू आलं नाही, तेव्हा माझीच मला भीती वाटली. तरी येणार नाही.

ठमी येतेय असं खोटं मात्र त्यांना सांगू नकोस. दार वाजेल, ते माझं नाव घेतील, मान वळवून बघतील. तेव्हा पलीकडच्या खाटेवरून त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

कमरेला जप. लोभ होता तेवढा पुरे झाला असं समज.

तुझी,
ठमी